तापाला नाव देणारी सामग्री

प्रस्तावना

पावसाळा सरत आला की हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही दवाखान्याबाहेरची बाकडी भरून जातात. ताप, अंगदुखी, मळमळ, क्वचित अंगावर पुरळ. तक्रारी सारख्याच, पण एका गावात त्या तापाला टायफॉइड म्हणतात, शेजारच्या गावात डेंग्यू आणि तिसऱ्या ठिकाणी नुसतेच ‘व्हायरल’. हा फरक दरवेळी जंतूंचाच असतो असे नाही. दवाखान्यामागच्या लॅबच्या फ्रिजमध्ये कोणते किट शिल्लक आहे, यावरही तो पुष्कळदा अवलंबून असतो. ज्याच्या तपासणीचे साहित्य हाताशी असते तोच आजार सापडतो. ज्याचे साहित्य नाही तो आजार त्या तालुक्यात ‘नसतो’. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागणाऱ्या साहित्याविषयी एक अख्खे पुस्तक कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर एवढ्यातच आले.

विडालचेच पाहा. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये फर्नांड विडाल यांनी सांगितलेली ही तपासणी सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे जोरात चालते. सीरमचा थेंब, रिएजंटचा थेंब, स्लाइड गोल फिरवायची, कण गोळा झालेले दिसले की ‘टायफॉइड निघाला’. वास्तविक या तपासणीत दिसतात ती रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे, जंतू नव्हेत. जिथे टायफॉइड कायमचा मुक्कामाला आहे, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती सापडतात. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन पातळी चौपट चढली का ते पाहावे, असे शास्त्र सांगते. पण बरे वाटू लागल्यावर दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोण येतो?

टायफॉइडचा भरवशाचा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेले ८ ते १० मिलिलिटर रक्त हवे, निर्जंतुक द्रवमाध्यमाची बाटली हवी, चोवीस तास वीज मिळणारा इन्क्युबेटर हवा, पाच-सात दिवस वाट पाहण्याची तयारी हवी. बाटलीत वाढ दिसली तर मॅकॉन्की आणि ब्लड अगरच्या प्लेटा, जंतू ओळखण्याच्या रासायनिक चाचण्या आणि औषधांच्या डिस्क हव्यात. यातली एक वस्तू संपली तरी सगळे अडते. विडालचे रिएजंट मात्र फ्रिजच्या दारात महिनोन् महिने उभे असते. म्हणून विडाल होते आणि कल्चर राहून जाते. डॉक्टरला शास्त्र ठाऊक नसते, असा त्याचा अर्थ नाही.

हिंगोलीच्या संदर्भात ही चर्चा आताच करायला हवी. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात. अवघड दुखणे आले की नांदेड, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरायचा, ही इथली जुनी रीत. २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत हिंगोलीचे नाव आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हा एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यातला विषय. म्हणजे जिथे महाविद्यालय, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. इमारत उभी राहते, पदे भरली जातात, मायक्रोस्कोप येतात. विभाग चालतो की नाही ते मात्र दर आठवड्याला येणाऱ्या आणि दर आठवड्याला संपणाऱ्या किरकोळ वस्तूंवर ठरते.

या वस्तू आल्या कुठून, याचा इतिहास मोठा रंजक आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या काळात जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरत. माणसाच्या शरीराच्या तापमानाला जिलेटिन वितळते. हिंगोलीच्या मे महिन्यात तर ते टेबलावरच पाणी झाले असते. १८८१ च्या सुमारास कॉख यांचे सहकारी वॉल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी अगर वापरून पाहायला सुचवले. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून त्यांना ते माहीत झाले होते आणि जेलीसाठी त्या ते स्वयंपाकघरात वापरत. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते तेच हे समुद्री शेवाळाचे सत्त्व. उकळल्याशिवाय वितळत नाही, चाळीस अंशांच्या आसपास उतरल्याशिवाय गोठत नाही आणि बहुतेक जंतूंना पचत नाही. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जाहीर करताना अगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. पाच वर्षांनी युलियुस पेट्री यांनी झाकणाची चपटी बशी आणली आणि आज ज्याला आपण ‘प्लेट’ म्हणतो ती जोडी पूर्ण झाली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाची सुरुवात मुंबईच्या प्लेगपासून होते. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत कामाला लागले. लशीसाठी प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे तर माध्यम हवे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर लस कोणी टोचून घेणार नाही, हे ओळखून त्यांनी बोकडाच्या मांसापासून माध्यम तयार केले आणि त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या तुपाखाली प्लेगचे जंतू गुहेतल्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत वाढत. फ्लास्क हलवला की ते गळून पडत आणि नवे लोंबू लागत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेलेल्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. स्थानिक माणसे, स्थानिक हवा आणि बाजारात मिळणारा माल पाहून साहित्य घडवावे लागते, हा धडा तिथेच घालून दिला गेला.

त्याच प्रयोगशाळेच्या इतिहासात दुसरा, कडू धडाही आहे. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे चौकशीत आलेली हकीकत अशी की, बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता बुचाला लावला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. लस मोठी, कीर्ती मोठी, शास्त्रज्ञही मोठा. घात झाला तो चिमट्यापाशी. या पुस्तकात चिमटा, बूच, लूप, कापूस यांवर इतकी पाने का खर्च केली, असे कोणाला वाटले तर मुल्कोवाल आठवावे.

आता एक साधे काम जवळून पाहू. लघवीचे कल्चर. रुग्णाला रुंद तोंडाची निर्जंतुक डबी द्यायची. घरून आणलेली औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना दोन तासांत लावता आला नाही तर फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर त्यातले चार जंतू संध्याकाळपर्यंत चार लाख होतात. मात्र पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी कल्चरसाठी आले तर ते फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. मेंदूज्वराचे काही नाजूक जंतू गारठ्याने मरतात आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. रक्ताची बाटलीही बाहेरच. एकच फ्रिज एका नमुन्याला तारतो आणि दुसऱ्याला मारतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती कितीही महागडे किट दिले तरी व्यर्थ.

लघवी प्लेटवर ओढायची ती मोजलेल्या लूपने. एक मायक्रोलिटरचा लूप असेल आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर १०० वसाहती दिसल्या, तर एका मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू असा हिशेब. लूप वाकडा झालेला असेल तर हा हिशेबही वाकडा. मग औषधांची परीक्षा. म्युलर-हिंटन अगरचा थर ४ मिलिमीटर हवा. जंतूंचे द्रावण ०.५ मॅकफारलंड या ठरलेल्या गढूळपणाइतके करून स्वॅबने प्लेटभर पसरायचे, त्यावर ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि १६ ते १८ तासांनी डिस्कभोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायचे. ही पद्धत १९६६ मध्ये बाउर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी पक्की केली.

इथे साहित्य कसे खोटे बोलते ते समजून घ्यावे. पैसे वाचवायला अगर कमी ओतला आणि थर पातळ झाला, तर औषध दूरवर पसरते, वर्तुळ मोठे येते आणि दाद न देणारा जंतूही दाद देणारा ठरतो. उलट डिस्कची डबी उन्हात कुरिअरच्या गाडीत पडून राहिली, किंवा वारंवार उघडझाक करून ओलावली, तर औषधाचा जोर ओसरतो. वर्तुळ लहान येते. साध्या औषधाने बरा होणारा रुग्ण मग महागड्या इंजेक्शनवर जातो. क्लाव्युलॅनिक ॲसिड किंवा इमिपेनेम असलेल्या डिस्क तर फारच नाजूक. रिपोर्टवर यातले काही दिसत नाही. तिथे फक्त ‘आर’ (दाद न देणारा) किंवा ‘एस’ (दाद देणारा) एवढेच छापलेले असते.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रमाणित जंतू त्याच साहित्यावर लावून पाहायचा. ई-कोलायची एटीसीसी २५९२२ ही जात घेतली, तर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनच्या डिस्कभोवती १९ ते २६ मिलिमीटरचे वर्तुळ यायला हवे. १५ आले तर दोष रुग्णाचा नाही, डिस्कचा, माध्यमाचा किंवा आपल्या हाताचा. नव्या लॉटची पहिली डबी उघडली की हे केलेच पाहिजे. कामाच्या गर्दीत पहिली काट याच कामाला बसते, हेही खरे.

ब्लड अगरचा प्रश्न वेगळाच आहे. त्याला मेंढीचे रक्त लागते, तेही गोठू न दिलेले: निर्जंतुक फ्लास्कमध्ये काचेच्या मण्यांसोबत हलवत राहून त्यातले तंतू काढून टाकलेले. मराठवाड्यात मेंढ्यांना तोटा नाही. पण निरोगी मेंढी, पशुवैद्यकाची देखरेख, निर्जंतुक पद्धतीने रक्त काढणे आणि लगेच वापरणे, ही साखळी प्रत्येक जिल्ह्यात नाही. मग कुठे रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशवीवर काम भागवले जाते. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, कधी औषधांचे अंश असतात, पिशवीत सायट्रेट असते. काही जंतू त्यात नीट वाढत नाहीत, शिवाय हाताळणाऱ्याला कावीळ किंवा एचआयव्हीचा धोका. तयार प्लेटा मागवाव्यात तर त्यांचे आयुष्य थोडे आणि प्रवास लांबचा. कोरडी माध्यमे मात्र आता परदेशावर अवलंबून नाहीत. वारके बंधूंनी मुंबईत उभी केलेली हायमीडिया ही कंपनी आज जगभर माध्यमे पाठवते, आणि त्यांची पांढरी डबी राज्यातल्या बहुतेक लॅबच्या मांडणीवर दिसते. डबी उघडल्यावर झाकण घट्ट लावणे तेवढे आपल्या हाती. पावसाळ्यात ओल धरलेली पावडर दगड होते आणि मग वजनाचा हिशेब चुकतो.

किटची गोष्ट आणखी निराळी. डेंग्यूच्या आयजीएम तपासणीची एलायझा किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था बनवते आणि राष्ट्रीय कार्यक्रमातून निवडक सेंटिनेल रुग्णालयांना पुरवते. या किटच्या प्लेटला ९६ खाचा असतात. साथ ऐन भरात असली की एका दिवसात प्लेट भरते. पण हंगामाच्या सुरुवातीला चार नमुने आले तर प्लेट लावायची की थांबायचे? लावली तर नियंत्रण नमुन्यांचा खर्च दरवेळी होतो आणि किट लवकर संपते. थांबले तर रिपोर्ट येईतो रुग्ण घरी गेलेला असतो आणि गावातली फवारणी लांबते. त्यातच आयजीएम सहसा पाचव्या दिवसापासून सापडते, त्याआधी एनएस-१ ही तपासणी करावी लागते. ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून धावत आलेल्या रुग्णाला तापाचा कितवा दिवस हे विचारल्याशिवाय किट उघडणे म्हणजे किट वाया घालवणे.

क्षयरोगाच्या तपासणीत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. बेडक्याची स्लाइड रंगवून लाल काड्या शोधण्याचे काम अजून आहेच, पण आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे जंतूचे जनुकच शोधतात आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतात. ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे. बॅटरीवर चालते आणि त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. लोडशेडिंग आणि उन्हाळा पाहून केलेले हे यंत्र आपल्या भागासाठी वरदान खरे. पण यंत्र एकदा येते, चिप आणि कार्ट्रिज दररोज लागतात. खरेदीच्या फाइलमध्ये यंत्राचा आकडा ठळक असतो, चिपचा शेवटच्या पानावर. आणि त्याहीआधी लागते ती फॅल्कन ट्यूब, घट्ट झाकणाची. तीत थुंकी आली तर यंत्र काय करील? खोल खोकून काढलेला बेडका हवा, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणारी आशाताई हाही या साखळीतलाच दुवा.

कोरोनाने हे सगळे एका झटक्यात उघडे पाडले. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून हिंगोलीला परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना लागण झाली, तेव्हा घशातले नमुने जिल्ह्याबाहेर पाठवून रिपोर्टची वाट पाहावी लागत होती. पुण्याच्या मायलॅबने देशी आरटी-पीसीआर किट तयार केले आणि २३ मार्च २०२० रोजी त्याला मंजुरी मिळाली; मिनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालच्या चमूचे ते काम होते, आणि किट तपासणीला सुपूर्द केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या बाळंत झाल्या. किटचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पण त्या दिवसांत लॅबची धावपळ किटपुरती नव्हती. स्वॅब, व्हीटीएम (नमुना टिकवून नेण्याचा द्रव) आणि प्लास्टिकच्या टिप मिळवण्यासाठीही होती. लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब पीसीआरला चालत नाही, ही गोष्ट पुष्कळ लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळली.

प्रयोगशाळा फक्त रुग्णांसाठी नसते. गावातल्या पिण्याच्या पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का, हे पाहायला एच-टू-एस बाटली वापरतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाटली एक-दोन दिवस ठेवायची; पाणी काळे पडले तर ते पिण्याजोगे नाही. गंमत म्हणजे जो उन्हाळा डिस्क नासवतो, तोच इथे फुकटचा इन्क्युबेटर ठरतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट करतो, ती क्लोरीन उरला का एवढेच सांगते. दोन्ही तपासण्या एकमेकींची जागा घेत नाहीत. पाण्यासारखीच प्रयोगशाळेची गरज हळदीलाही लागते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे. परदेशी ग्राहक मसाल्यात २५ ग्रॅममागे साल्मोनेला शून्य मागतो. तो शोधायला लागणारी माध्यमे जवळपास तीच, जी टायफॉइडच्या रुग्णासाठी लागतात. साहित्याची साखळी एकदा बसली की दवाखाना, विहीर आणि बाजार तिघांनाही तिचा उपयोग होतो.

मग ती बसत का नाही? पैसा हे कारण आहेच, पण एकटे नाही. जिल्ह्याची मागणी लहान असते, म्हणून पुरवठादार सहा महिन्यांचा माल एकदम देतो. त्यातला अर्धा एक्सपायरी गाठतो; उरलेला ऐन साथीत संपतो. इंडेंट मागच्या वर्षाच्या खपावरून काढतात, आणि मागच्या वर्षी किट नव्हते म्हणून खप कमी होता, हे त्या आकड्यात दिसत नाही. लशीसाठी गावपातळीपर्यंत शीतसाखळी आहे, तापमानाच्या नोंदी आहेत. दोन ते आठ अंशांत राहायला हवे असलेले निदानाचे किट मात्र कधी एस.टी.च्या पार्सलमध्येही प्रवास करते. राज्याने २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणले. खरेदी वरून सुरळीत होईलही, पण कळमनुरीच्या फ्रिजमध्ये काय आणि किती उरले, हे कळमनुरीलाच सांगावे लागेल.

म्हणून या पुस्तकाची मांडणी यंत्रांपासून न करता वापरून संपणाऱ्या वस्तूंपासून केली आहे. पहिल्या भागात नमुना घेण्याचे साहित्य, दुसऱ्यात माध्यमे आणि रंग, तिसऱ्यात डिस्क आणि दर्जा राखणे, चौथ्यात किट आणि चिप, पाचव्यात साठा, शीतसाखळी आणि खरेदी, शेवटी कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे कल्चरच्या प्लेटा लॅबमध्येच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत जायला हव्यात. तेव्हा ऑटोक्लेव्हची इंडिकेटर टेप हेही खरेदीच्या यादीतले साहित्यच आहे.

डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना हे पुस्तक कामाचे वाटेल. पण ते वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, भांडारपालांनी आणि जिल्हा परिषदेत आरोग्याच्या खर्चावर सही करणाऱ्यांनीही वाचावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. वाचून झाल्यावर एकच करावे: आपल्या लॅबमध्ये गेल्या तीन महिन्यांत कोणती तपासणी साहित्याअभावी झाली नाही, याची यादी मागवावी. ती यादी कुठेही ठेवली जात नसेल, तर पहिली सुधारणा तिथूनच सुरू करता येते. त्यासाठी निविदा लागत नाही, एक वही पुरते.